बोट सुटली, पण इंजिन तापतंय

कोकणातल्या खाड्यांच्या मुखाशी असलेले वाळूचे दांडे एका जागी टिकत नाहीत. पावसाळ्यात नदीचा लोंढा बाहेर ढकलतो, दर्या आत ढकलतो, आणि ३१ जुलैला मासेमारीची बंदी संपून बोटी बाहेर पडू लागतात तेव्हा गेल्या मोसमातली खोल वाट तिथेच असेल याची खात्री कोणताही तांडेल देत नाही. बाणकोट असो, दाभोळ असो की कर्ली नदीच्या मुखाशी असलेलं देवबाग, तिथे बोट जमिनीला लागणं हा नवलाचा प्रसंग नाही. भरती चढते, बोट सुटते, आणि धक्क्याकडे परत येताना किंवा दुसऱ्या दिवशी तापमानाचा काटा चढायला लागतो. मग बहुतेक ठिकाणी एकच क्रम पाहायला मिळतो. आधी पंपातला इम्पेलर बदलायचा, काटा पुन्हा चढला की थर्मोस्टॅट काढायचा, तरीही चढला की सेन्सरला दोष द्यायचा. प्रत्येक बदलानंतर इंजिन थोडा वेळ नीट चालतं, म्हणून प्रत्येक वेळी दुरुस्ती झाल्यासारखं वाटतं. रुतल्यानंतर तापणाऱ्या इंजिनाचा शोध भागांपासून सुरू करूच नये, तो पाण्यापासून सुरू करावा, असं माझं म्हणणं आहे. समुद्राचं पाणी किती आत येतंय, कुठपर्यंत पोहोचतंय आणि किती उष्णता घेऊन बाहेर पडतंय, हे कळल्यावर कोणता भाग उघडायचा ते आपोआप ठरतं.

यामागचं गणित साधं आहे आणि एकदा करून पाहण्यासारखं आहे. डिझेल जळून जी उष्णता निघते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग पंखा फिरवतो, एक तृतीयांश धुरावाटे जातो आणि उरलेला थंड करणाऱ्या पाण्याला वाहून न्यावा लागतो. एखाद्या मध्यम बोटीच्या इंजिनात पाण्याकडे जाणारी ही उष्णता ३० किलोवॉट धरू, आणि पंप मिनिटाला ६० लिटर खारं पाणी फिरवतो असं मानू. म्हणजे दर सेकंदाला एक लिटर. एवढ्या पाण्याचं तापमान सात-साडेसात अंशांनी वाढेल. समुद्राचं पाणी २९ अंशांचं असेल तर बाहेर पडणारं पाणी ३६-३७ अंशांचं, हाताला कोमट लागेल असं. आता गाळामुळे प्रवाह निम्मा झाला तर वाढ १५ अंशांची होईल, बाहेरचं पाणी ४४ च्या आसपास जाईल, आणि तापमानाच्या काट्यावर बहुधा काहीच दिसणार नाही, कारण थर्मोस्टॅट अधिक उघडून कमतरता झाकून घेतो. प्रवाह पाव झाला की बाहेरचं पाणी साठीच्या घरात जातं, खाऱ्या पाण्यातले क्षार नळ्यांच्या आत खपलीसारखे धरू लागतात, आणि काटा एकदम उठतो. म्हणजे काटा उठतो तो दिवस बिघाडाचा पहिला दिवस नसतो. अर्धी वाट बुजलेली असतानाही इंजिन बिनतक्रार चालतं, आणि म्हणूनच ‘इम्पेलर बदलल्यावर दोन दिवस नीट चाललं’ हा पुरावा फार कच्चा आहे. नव्या इम्पेलरने पाव प्रवाहाचा अर्धा केला असेल, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

गाळ आत शिरतो कधी, हेही नीट समजून घ्यायला हवं. बोट नुसती टेकली म्हणून इंजिनात वाळू जात नाही. ती जाते पुढच्या दहा मिनिटांत, बोट मागे खेचण्याच्या धडपडीत. रिव्हर्स गिअर टाकून रेस दिली की पंखा पाण्याचा झोत बोटीच्या तळाखालून पुढे फेकतो. तो झोत तळची वाळू आणि चिखल उकरतो आणि पाणी ओढणाऱ्या तोंडाजवळ नेमका तोच गढूळ रस तयार करतो. पंप तो आनंदाने ओढतो. आउटबोर्ड मोटारीत तर पाणी घेण्याच्या जाळ्या पंख्याच्या जवळच, गिअरच्या पायावर असतात, त्यामुळे वाळू उडवणारा आणि वाळू पिणारा यांत वीतभराचंच अंतर राहतं. शिवाय बोट एका अंगावर कलली असेल तर पाण्याचं तोंड पाण्याबाहेर येतं, पंप हवा ओढतो, आणि रबराचा इम्पेलर कोरडा फिरून काही मिनिटांत पाकळ्या गमावतो. त्यामुळे रुतलेल्या बोटीवर बॅटरी चार्ज करायला म्हणूनही इंजिन चालू ठेवू नये.

यावर तांडेलाचा आक्षेप ठरलेला असतो, आणि तो पोकळ नाही: ओहोटी लागली असेल तर पहिल्या पाच मिनिटांत बोट काढली नाही तर सहा तास बसावं लागतं, बर्फ वितळतो, मासळी जाते, कधी बोटच कलंडते. खरं आहे. पाणी उतरत असेल तर लगेच, ज्या वाटेने आलो त्याच वाटेने मागे, थोडा वेळ आणि बेताच्या रेसवर प्रयत्न करायला हरकत नाही. तेवढ्यात बोट हलली नाही तर पुढे रेस वाढवून फायदा होण्याची शक्यता झपाट्याने कमी होते, कारण ओहोटीच्या मधल्या दोन तासांत पाणी सर्वांत वेगाने उतरतं. त्या वेळी पंखा जेवढी ताकद लावतो त्याहून अधिक वजन जमिनीवर टेकत जातं. इंजिन बंद करून, लहान होडीतून नांगर खोल पाण्याकडे नेऊन टाकायचा, दोर ताणून बांधायचा आणि भरतीची वाट पाहायची, हे जुनं तंत्र इंजिनाच्या दृष्टीनेही सर्वांत स्वस्त आहे. भरतीची वेळ काढायला तिथीला पाऊणपट करण्याचा किनाऱ्यावरचा हिशोब अजून कामाला येतो (चतुर्थीला तीनच्या सुमाराला पूर्ण भरती), नेमकेपणासाठी भरती-ओहोटीचं कोष्टक पाहावं. एकच धोका ध्यानात असावा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या ऐन भरतीत बोट चढून बसली असेल तर पुढच्या भरत्या उतरत्या असतात, मुंबईकडे हा फरक मोठा आणि मालवण-गोव्याकडे कमी, आणि पुढच्या उधाणापर्यंत पंधरवडा लागू शकतो. तिथे दुसऱ्या बोटीची ओढ घेणंच योग्य. जिवाला धोका असेल तर व्हीएचएफचा चॅनल १६ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहेच, इंजिनाची काळजी नंतर.

आता बोट सुटली आहे आणि काटा चढतोय. पहिला निर्णय इंजिन बंद करायचं की मंद चालू ठेवायचं हा असतो, आणि त्याचं उत्तर बोटीच्या मागच्या बाजूला, पाणी बाहेर पडण्याच्या जागी असतं. धुरासोबत पाणी येतच नसेल किंवा वाफ येत असेल तर तात्काळ बंद, एक मिनिटही नको. ओल्या एक्झॉस्टच्या बोटीत हेच पाणी धुराच्या रबरी पाइपलाही थंड ठेवतं. ते थांबलं की पाइप जळतो, आणि जळलेल्या पाइपातून धूर इंजिनाच्या खोलीत भरणं हा तापण्याहून मोठा धोका आहे. पाणी भरपूर येत असेल आणि काटा तरी चढत असेल तर गिअर काढून इंजिन मंद चालवावं, म्हणजे आतल्या पाण्यातली उष्णता सावकाश निघून जाईल. एकदम बंद केल्यास आतलं पाणी जागच्या जागी उकळतं. तापलेल्या इंजिनावर बादलीने गार पाणी ओतणं आणि तापलेल्या टाकीचं झाकण फिरवणं, या दोन गोष्टी कोणी कितीही घाई केली तरी होऊ देऊ नयेत. पहिलीत हेडला तडा जातो, दुसरीत तोंड भाजतं.

इंजिन निवलं की शोध सुरू करायचा, आणि त्याआधी काटा खरं बोलतोय का हे एकदा पडताळायचं. आदळण्याने सेन्सरची वायर सैल होऊ शकते. हजार-दीड हजार रुपयांत मिळणारा बंदुकीच्या आकाराचा इन्फ्रारेड तापमापक इथे फार उपयोगी पडतो. थर्मोस्टॅटच्या घरावर तो रोखून पाहिलं की उत्तर मिळतं. चकचकीत धातूवर तो कमी आकडा दाखवतो, म्हणून काळा रंग असलेल्या जागी किंवा काळ्या चिकटपट्टीवर रोखावा. काटा आणि तापमापक दोन्ही एकच सांगत असतील तर पुढचा प्रश्न विचारावा: तापलं केव्हा? सुरू केल्याबरोबर दोन-तीन मिनिटांत तापलं तर पाणी जवळजवळ येतच नाही, दोष बाहेरच्या तोंडापासून पंपापर्यंतच्या टापूत आहे. मंद गतीत ठीक आणि रेस वाढवल्यावर तापलं तर पाणी येतंय पण अपुरं, किंवा इंजिनावर ओझं जास्त आहे. कित्येक तास किंवा दिवस ठीक चालून मग तापलं तर बहुधा मागे राहिलेला गाळ किंवा तुटलेल्या रबराचे तुकडे कूलरमध्ये जाऊन बसले आहेत. ही काही अचूक परीक्षा नव्हे, पण कोणता टापू आधी पाहायचा ते ती ठरवून देते.

पाण्याची वाट आपल्याला बाहेरून आत चालत जायची आहे. पहिला टप्पा तळाची जाळी आणि सी-कॉक, म्हणजे तळाच्या तोंडावरचा बंद-चालू करायचा नळ. सी-कॉक बंद करून त्याच्या आतल्या बाजूचा पाइप काढावा आणि कॉक क्षणभर उघडून पाहावा. तोंड पाण्याच्या पातळीखाली असल्याने पाणी जोरात उसळायला हवं. नुसतं ठिबकत असेल तर बुजलेली जागा बाहेरच आहे, आणि पंप उघडण्यात वेळ घालवण्याची गरजच उरत नाही. आतून लाकडी काठी सरकवून किंवा पायपंपाने हवा मारून बहुतेकदा तोंड मोकळं होतं. चिखल घट्ट बसला असेल तर कोणाला तरी पाण्यात उतरून बाहेरची जाळी खरवडावी लागते, अर्थात इंजिन बंद आणि किल्ली खिशात ठेवूनच. दुसरा टप्पा स्ट्रेनर, म्हणजे गाळणी. तो साफ करणं सोपं असतं म्हणून सगळेच करतात, आणि तिथेच एक नवा बिघाड जन्माला येतो. झाकणाखालच्या रबरी रिंगवर वाळूचा एक कण राहिला तर पंप पाण्याऐवजी तिथून हवा ओढतो. बाहेर गळती काहीच दिसत नाही, कारण तिथे दाब नसून ओढ असते. साफ करूनही तापत असेल तर रिंग पुसून, किंचित ग्रीस लावून झाकण पुन्हा बसवावं. झाकण पारदर्शक असेल तर आत बुडबुडे धावताना दिसतात. स्ट्रेनर आणि पंपाच्या मधला पाइप रेस देताना चपटा होतोय का हेही पाहावं. होत असेल तर मागे वाट बुजलेली आहे किंवा पाइप आतून सडला आहे.

मग येतो पंप. इम्पेलरवर सर्वांचा संशय असतो आणि तो बऱ्याचदा खराही असतो, पण इम्पेलर काढून फेकून द्यायच्या आधी त्याच्या पाकळ्या मोजाव्यात. जुन्यात जेवढ्या पाकळ्या कमी, तेवढे तुकडे पाण्याच्या वाटेत पुढे कुठेतरी आहेत, आणि ते स्वतःहून विरघळत नाहीत. ते पुढच्या वळणात, ऑइल कूलरच्या तोंडाशी किंवा हीट एक्स्चेंजरच्या (आतल्या पाण्याची उष्णता खाऱ्या पाण्याला देणाऱ्या कूलरच्या) पहिल्या झाकणामागे अडकलेले असतात. सगळे तुकडे जुळेपर्यंत काम संपलं असं समजू नये. नुसता नवा इम्पेलर बसवण्याची दुरुस्ती अपुरी पडते याचं हे पहिलं कारण. दुसरं कारण पंपाच्या झाकणावर दिसतं. वाळूने घासून त्यावर गोल चरे पडलेले असतील तर नवीन रबरही कडेने पाणी निसटू देतं आणि प्रवाह पूर्ण होत नाही. चरे उथळ असतील तर बऱ्याच पंपांत झाकण उलटं करून लावता येतं, खोल असतील तर बदलावं. पट्ट्यावर चालणारा पंप असेल तर पट्टा सैल नाही ना, तेही पाहावं. इम्पेलर बदलून घेताना ही दोन मिनिटांची पाहणी मिस्त्रीकडून आग्रहाने करून घ्यावी, कारण दिवसात चार बोटी उरकायच्या असलेला माणूस झाकण पुसून पुन्हा लावून टाकतो आणि त्यात त्याचा फारसा दोषही नसतो.

पंपाच्या पुढे मोजमापाचा खरा उपयोग होतो. इंजिन सुरू करून एका ठरावीक रेसवर बाहेर पडणारं पाणी बादलीत धरावं आणि दहा लिटर भरायला किती सेकंद लागतात ते पाहावं. तोंड पाण्याच्या अगदी जवळ असेल तर धक्क्यावरून कोणी तरी ते धरू शकेल. वाकून धरणाऱ्याने धूर नाकात जाऊ देऊ नये. इंजिनाच्या पुस्तिकेत प्रवाहाचा आकडा असतो. पुस्तिका हरवली असेल, आणि ती बहुतेकांची हरवलेली असते, तर इंजिन ठणठणीत असताना घेतलेला आपलाच आकडा त्याहून चांगला. म्हणूनच आज काही बिघडलेलं नसेल तर आजच बादली धरून तो आकडा इंजिनाच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवावा. नंतर इन्फ्रारेड तापमापक हीट एक्स्चेंजरमध्ये खारं पाणी जिथे शिरतं आणि जिथून निघतं त्या दोन्ही टोकांवर रोखावा. फरक नेहमीपेक्षा खूप मोठा असेल तर पाणी कमी आहे, वाट अजून कुठेतरी बुजलेली आहे. फरक लहान आहे, पाणी गारच बाहेर पडतंय, आणि तरी इंजिन तापलेलं आहे, तर खाऱ्या पाण्याची वाट मोकळी आहे. तिथे आतलं कूलंट कमी झालंय का, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय का, आतला फिरवणारा पंप चालतोय का, किंवा नळ्यांवर क्षारांचा थर बसलाय का, हे पाहायचं. एवढ्या एका मोजमापाने बोटीच्या अर्ध्या भागांवरचा संशय उतरतो.

पाणी कमी ठरलं तर कूलर उघडायचे. गिअरबॉक्सच्या तेलाचा छोटा कूलर बऱ्याच बोटींत हीट एक्स्चेंजरच्या आधी असतो, त्याच्या वाटा अरुंद असतात, आणि गाळणीतून सुटलेला कचरा आधी तिथे धरला जातो. तरी सर्वांत उशिरा उघडला जातो तो हाच. हीट एक्स्चेंजरची दोन्ही टोकांची झाकणं काढली की नळ्या दिसतात. पलीकडे बॅटरी धरली की कोणत्या नळीतून उजेड येत नाही ते कळतं. तिथे लोखंडी सळई घालू नये. नळ्यांचा धातू मऊ असतो आणि एक भोक पडलं की खारं पाणी थेट कूलंटमध्ये मिसळतं. लाकडी काडी किंवा प्लास्टिकचा ब्रश पुरतो. पाणी ज्या दिशेने वाहतं त्याच्या उलट दिशेने गोड्या पाण्याचा साधा पाइप लावावा, म्हणजे आत अडकलेलं आल्या वाटेने मागे निघतं. आलं त्याच दिशेने जोर लावला तर ते आणखी पुढे जाऊन घट्ट बसतं. जस्ताची कांडी लावायची जागा असेल तर ती काढून पाहावी, झिजून तुटलेलं जस्त नळ्यांच्या तोंडाशी पडलेलं असतं. सगळ्यात शेवटी एक्झॉस्टमधलं ते वळण, जिथे पाणी धुरात सोडलं जातं. जुन्या इंजिनात ते काजळी आणि क्षारांनी आधीच अर्धं बुजलेलं असतं, आणि वर वाळूचा थर बसला की पुरतं बंद होतं. हे सगळं करताना इंजिन सुरू होत नाही म्हणून स्टार्टर पुन्हा पुन्हा मारत बसू नये. इंजिन पेटल्याशिवाय धुराचा दाब नसतो, पंप मात्र पाणी ढकलत राहतो, सायलेन्सर भरतो आणि पाणी मागे सिलिंडरमध्ये जातं. दोन-तीन प्रयत्नांत न पेटल्यास सी-कॉक बंद करावा, आणि पेटल्याबरोबर उघडावा.

आता दोन आक्षेप, जे प्रत्येक धक्क्यावर ऐकू येतात. एक: ‘आमचं इंजिन गोड्या पाण्यावर आहे, त्यात वाळू जाणारच नाही.’ इंजिनाच्या आत गोडं पाणी आणि कूलंट फिरतं हे बरोबर, आणि त्यामुळे सिलिंडरभोवतीच्या वाटा सुरक्षित राहतात हेही बरोबर. पण ते पाणी आपली उष्णता शेवटी खाऱ्या पाण्यालाच देतं. खारं पाणी पोहोचलं नाही तर गोडं पाणी तीच उष्णता घेऊन परत इंजिनात येतं. फरक इतकाच की बिघाड इंजिनाच्या आत न होता हीट एक्स्चेंजरमध्ये होतो, आणि तो काढता येण्यासारखा असतो. थेट खाऱ्या पाण्यावर चालणाऱ्या इंजिनात मात्र गाळ ब्लॉकच्या आत तळाला साचतो, म्हणून तिथे खालचा ड्रेन कॉक उघडून पाहणं भागच आहे. ड्रेनमधून पाणी न येता चिखल येत असेल तर तारेने तो मोकळा करून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावं. दुसरा आक्षेप थर्मोस्टॅटचा: ‘काढून टाक, पाणी मोकळं फिरेल.’ गाळाच्या बिघाडात हा उपाय कधीकधी खरंच लागू पडल्यासारखा दिसतो, म्हणूनच तो इतका लोकप्रिय आहे. पण बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट दुहेरी काम करतो. गरम झाल्यावर तो कूलरची वाट उघडतो आणि त्याच वेळी कूलर टाळून जाणारी आडवाट बंद करतो. तो काढला की आडवाट कायम उघडी राहते आणि पाण्याचा एक हिस्सा कूलरकडे न जाताच फिरत राहतो. भार नसताना इंजिन गार, भर समुद्रात जाळं ओढताना गरम, असा चकवा मग तयार होतो. शिवाय कायम गार चालणारं डिझेल इंजिन इंधन नीट जाळत नाही, तेल घाण करतं आणि लवकर झिजतं. थर्मोस्टॅटचा संशय असेल तर तो काढून भांड्यात पाण्यासोबत तापवावा. त्याच्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडला तर निर्दोष आहे, परत लावावा.

पाण्याची सगळी मापं बरोबर आली आणि तरी रेस वाढवल्यावर इंजिन तापतं, अशी एक स्थिती उरते, आणि रुतण्याशी तिचा सर्वांत थेट संबंध असूनही ती सर्वांत उशिरा सुचते. पंख्याचं पातं वाकलंय, शाफ्ट किंचित बाकला आहे, सुटताना दोर किंवा जाळ्याचा तुकडा शाफ्टला गुंडाळला आहे. अशा वेळी थंड करणारी व्यवस्था आपलं काम पूर्ण करत असते, पण इंजिनच नेहमीपेक्षा जास्त उष्णता तयार करतं. याची ओळख तीन गोष्टींनी पटते: पूर्ण रेस देऊनही इंजिन नेहमीचे फेरे गाठत नाही, काळा धूर येतो, आणि बोटीच्या तळातून थरथर जाणवते. शाफ्ट बाहेर पडतो तिथलं पॅकिंग हाताला चटका देण्याइतकं गरम असेल तर शाफ्ट सरळ नाही, असं समजायला जागा आहे. सुटल्यावर बोट पुन्हा बाहेर नेण्याआधी ओहोटीत ती उभी राहते तेव्हा पंखा नुसता पाहून घेतला तरी हे कळतं. कील कूलिंगच्या बोटींनाही हीच वेळ तपासणीची. त्यांच्यात समुद्राचं पाणी आत येत नाही, नळ्या तळाला बाहेरून लावलेल्या असतात. त्या चिखलात गाडलेल्या असेपर्यंत उष्णता सोडत नाहीत आणि दगडावर आपटून चेपल्या तर आतला प्रवाह कायमचा घटतो. तिथे खाऱ्या पाण्याची वाट शोधायची नसते, नळ्यांवरून हात फिरवायचा असतो.

आउटबोर्ड मोटारींत एक फसवी खूण असते: बाजूने उडणारी पाण्याची बारीक धार. धार चालू आहे म्हणजे सगळं ठीक, असा समज पक्का आहे. प्रत्यक्षात ती धार मुख्य प्रवाहाची एक छोटी फांदी आहे. पंप पाणी ढकलतोय एवढंच ती सांगते, थर्मोस्टॅटच्या बाजूला आणि हेडपर्यंत पाणी पुरेसं जातंय हे सांगत नाही. उलट, धार बंद पडली म्हणजे पंप गेलाच असंही नाही. वाळूचा एक खडा त्या बारीक भोकात बसला असेल, नायलॉनचा जाड दोरा आत सारून तो निघतो. दोरा घालूनही धार कमजोर असेल तर गिअरचा पाय खाली उतरवून पंप पाहावा लागतो, आणि वाळूत चाललेल्या मोटारीचा पंप उघडण्यात कंजुषी करू नये. थर्मोस्टॅट आणि त्याच्या जोडीची दाबाची झडप यांच्यामध्येही वाळू अडकते. झडप अडकली तर मंद गतीत किंवा रेसवर पाण्याचा तोल बिघडतो. नव्या मोटारी तापल्यावर भोंगा वाजवतात आणि स्वतःहून फेरे कमी करतात. अशा वेळी बंद-चालू करून भोंगा घालवण्याचा खेळ मोटारीच्या जिवावर उठतो. गोड्या पाण्याने धुण्याची जी जोडणी मोटारीवर असते तिच्यातून, मोटार बंद ठेवून, बराच वेळ पाणी सोडलं तर सुटी वाळू निघते. चिकटलेली नाही.

गाळ निघाला, प्रवाहाचा आकडा जुळला, तरी परीक्षा भाराखाली घ्यायची. बोट धक्क्याला भक्कम बांधून, गिअर टाकून, अर्ध्या रेसवर पंधरा-वीस मिनिटं इंजिन चालवावं आणि दर पाच मिनिटांनी तापमान लिहावं. मोकळ्या रेसवर इंजिन गार राहिलं याला काही अर्थ नाही, कारण तिथे उष्णताच तयार होत नाही. तापमान एका जागी स्थिरावलं पाहिजे. हळूहळू का होईना चढतच राहिलं तर वाटेत अजून काही आहे. इंजिन एकदा खूप तापलं असेल तर तेलाची कांडी काढून पाहावी. तेल दुधाळ असेल, किंवा कूलंटच्या टाकीत इंजिन चालू असताना सतत बुडबुडे येत असतील, तर बहुधा हेड गास्केट गेलं आहे, आणि त्यावर पाण्याच्या वाटेची कोणतीही सफाई उपाय नाही. गिअरबॉक्सचं तेलही पाहावं, आउटबोर्ड असेल तर पायातलं गिअर ऑइल. आदळण्याने सील सरकलं असेल तर पाणी लगेच दिसत नाही, पहिल्या दोन फेऱ्यांनंतर तेल दुधी होतं. आणि रुतल्यानंतर बसवलेला नवा इम्पेलर वीस-तीस तासांनी एकदा उघडून पाहावा, कारण चरे पडलेल्या पंपात आणि मागे राहिलेल्या वाळूत त्याचं आयुष्य नेहमीसारखं राहत नाही. त्याच्या पाकळ्यांच्या टोकांवर नवे ओरखडे दिसले तर स्ट्रेनरपासून पुन्हा एकदा सुरुवात करावी.